मोर्तब आणि कुलूप

महाडाहून पाचाडास, म्हणजे रायगडाच्या पायथ्याशीं, जातांना वाटेंत नाते हें गांव लागतें. तेथें आमच्या एका विद्यार्थ्यानें विचारलें कीं, शत्रूस पत्रें कळूं नयेत म्हणून मराठ्यांनीं मोडी लिपी स्वीकारली, हें खरें काय? हा समज फार पसरलेला आहे. पण तो टिकण्यासारखा नाहीं. मोडी ही भरभर लिहिण्याची लिपी होय, आणि मोगलांच्या पदरीं असलेल्या मराठी कारकुनांसहि ती येत होती. मग तिनें गुपित कसें राहावें?

मराठी दफ्तरांत खरी काळजी दिसते ती निराळ्याच गोष्टीची. पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि मजकूर संपतांच मोर्तब. पुढें कोणीं एक ओळ घुसडली तरी ती उघडी पडे. खोट्या हुकुमावर दरवाजा उघडणारा किल्लेदार हा, शत्रूनें वाचलेल्या दहा पत्रांपेक्षां राज्यास अधिक घातक.

याच नाते गांवीं १८९६ सालीं चिंतामणराव देशमुख जन्मले. १९४३ सालीं ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि त्यांची सही नोटांवर आली. नोटेवरचा मजकूर गुप्त नसतो. तिचें मोल ती खरी असण्यांत. आजची संगणकीय सही याच कुळांतली. पाठविणारा ती आपल्या खासगी किल्लीनें करतो. त्याची जाहीर किल्ली घेऊन कोणीहि ती पडताळतो, आणि एक अक्षर बदललें तरी मेळ बसत नाहीं. डिफी व हेलमन यांनीं १९७६ सालीं ही कल्पना मांडली. आपल्याकडे २००० सालच्या कायद्यानें अशा सहीस मान्यता दिली. तरीहि बँकेच्या नांवानें आलेल्या खोट्या निरोपावर चांगले शिकलेले लोक फसतात. त्यांनीं मोर्तब पाहिलेलेंच नसतें!

कुलूप मात्र आमचें ढिलें राहिलें. ग्रँट डफनें दिलेली हकीगत प्रसिद्धच आहे. १७६१ सालीं पानिपताहून औरंगाबादेस निघालेला सावकारांचा कासीद नर्मदेपाशीं नानासाहेब पेशव्यांपुढें आणला गेला. पत्रांत दोन मोतीं गळाल्याचा, सत्तावीस मोहरा हरवल्याचा आणि रुप्यातांब्याची गणती नसल्याचा व्यापारी मजकूर. पण भाऊसाहेब व विश्वासराव गेले हें पेशव्यांस वाचतांक्षणींच कळलें. ज्यास प्रसंग ठाऊक, त्यास असला संकेत उघडाच. रीत शत्रूस कळली तरी केवळ किल्ली गुप्त असल्यानें निरोप सुरक्षित राहावा, हा दंडक केरखॉफ या डच पंडितानें १८८३ सालीं घातला.

राहतां राहिल्या वाटा. १६८९ सालीं रायगड मोगलांनीं घेतला. राजाराम महाराज जिंजीस गेले, रामचंद्रपंत अमात्य हुकुमतपन्हा होऊन इकडे राहिले, आणि राज्य चाललें. कारण हुकूम सुटण्याचें ठिकाण एकच उरलें नव्हतें. पॉल बॅरन यानें अमेरिकेंत १९६४ सालीं संदेशांच्या जाळ्यासाठीं हेंच सुचविलें: मध्यवर्ती केंद्र नको, गांठी पुष्कळ असाव्यात, आणि संदेशाचे तुकडे मोकळ्या सांपडेल त्या वाटेनें जावेत. अर्थात् ते अनोळखी हातांतूनहि जाणार. जिंजीच्या वाटेवरच्या जासुदास हें नवें वाटलें नसतें.