विकृति-दृढीकरण, काचरूप बहुवारिकांचे

काचांतरण तापमानाखालचे (म्हणजे काचेसारखे कडक असलेले), स्फटिक न झालेले प्लॅस्टिक यील्ड बिंदूच्या बरेच पलीकडे ताणत नेले की पुढच्या प्रत्येक विकृतीसाठी अधिकाधिक प्रतिबल लागू लागते. हेच विकृति-दृढीकरण.

जुन्या सीडीच्या डबीवर पाय पडला की ती तडकते; आतली चकती मात्र बरीच वाकून घेते. डबी पॉलिस्टायरिनची (काचांतरण सुमारे १००° से.), चकती पॉलिकार्बोनेटची (सुमारे १४५° से.). यील्ड झाल्यावर दोन्ही पदार्थ आधी मऊ पडतात. त्यामुळे विकृती जिथे सुरू झाली तिथेच साचू पाहते. पॉलिकार्बोनेटमध्ये दृढीकरण वेळेवर जोर धरते, बारीक झालेला भाग घट्ट होतो आणि विकृती शेजारी सरकते. पॉलिस्टायरिनमध्ये मऊपणा जास्त आणि दृढीकरण तोकडे, म्हणून आधी पांढुरक्या रेषा उमटतात, मग तुकडा पडतो. ठिसूळपणाचा दोष नुसत्या कमजोरीवर ढकलणे म्हणूनच बरोबर नाही.

हॅवर्ड आणि थॅकरे यांनी १९६८ मध्ये या वर्तनाचे प्रारूप मांडले. बहुवारिकाच्या लांब रेणुसाखळ्यांचे गुंते रबरातल्या जोडबिंदूंसारखे काम करतात, अशी त्यामागची कल्पना. अरुडा व बॉइस यांच्या १९९३ च्या आठ साखळ्यांच्या प्रारूपाशी प्रतिबल-विकृती वक्र आणखी चांगले जुळले. वक्र जुळले तरी कारण पटत नव्हते. रबराचा ताठपणा तापमानाबरोबर वाढतो, इथे दृढीकरण उलट घटते. शिवाय ते रबराच्या हिशेबापेक्षा कित्येक पटींनी, पॉलिस्टायरिनमध्ये तर दहापटींहून खूपच जास्त भरते. हॉय आणि रॉबिन्स यांच्या २००६-०७ च्या संगणकीय अनुकरणांतून दिसले, की बहुतेक प्रतिबल साखळ्या एकमेकींना घासून जागा बदलताना खर्ची पडते. तरीही ताणलेला तुकडा काचांतरणापलीकडे तापवला की जवळजवळ मूळ आकारात परततो, तेव्हा रबराची कल्पना सरसकट टाकूनही देता येत नाही.

काळ जातो तसे यील्ड प्रतिबल वाढते, दृढीकरण मात्र फारसे बदलत नाही; मऊ पडण्याचा टप्पा त्यामुळे खोल होतो आणि जुना तुकडा ठिसूळ वागतो. हे वृद्धत्व उष्णतेत वेगाने येते. मस्कतजवळच्या किनाऱ्यावरील अल हैलमध्ये उन्हात तापणारे पॉलिकार्बोनेट काचांतरणापासून बरेच दूर राहते, पण थंड प्रदेशातल्यापेक्षा लवकर वयस्क होते. अतिनील किरणांचे नुकसान निराळे: तिथे साखळ्याच तुटतात, गुंते विरळ होतात आणि दृढीकरणाचा आधारच जातो.