वारं नव्हतं, तरी कपाशी भेंडीसारखी का झाली?

आजची नोंद पिकाची नाही, एका मोजमापाच्या इतिहासाची आहे. पण सुरुवात माझ्याच बांधावरून करतो.

काही वर्षांपूर्वी उसात वेलीचं तण फार माजलं होतं. दुकानातून टू-फोर-डी आणलं, इथाईल इस्टर. वारं अजिबात नाही असं बघून भर दुपारी फवारलं. नोझलसुद्धा खाली धरलं होतं. आठ-दहा दिवसांनी शेजारच्या अण्णांच्या कपाशीची शेंड्याची पानं चिरलेली, थेट भेंडीच्या पानासारखी. अण्णा म्हणाले, "वारं नव्हतं म्हणतोस, मग औषध माझ्या रानात चालत आलं का रे?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं. दोन हंगाम बांधावर बोलणं बंद होतं.

उत्तर पुढे सापडलं, ते एका आकड्यात. त्याला बाष्पदाब म्हणतात. बंद भांड्यात एखादा पदार्थ ठेवला की त्याची थोडी वाफ होते, आणि ठराविक दाबाला येऊन थांबते. तो दाब जितका जास्त, तितका पदार्थ उडून जायला उतावीळ.

हा दाब नीट मोजणाऱ्यांतला सुरुवातीचा माणूस म्हणजे इंग्लंडमधला जॉन डाल्टन. १८०० च्या आसपास त्याने पाऱ्याच्या नळीत वरच्या रिकाम्या जागेत थोडं पाणी सोडलं. पाण्याची वाफ झाली आणि पारा खाली दबला. किती दबला, तो वाफेचा दाब. नळी गरम केली की पारा अजून खाली. पाण्याचा बाष्पदाब २० अंशाला सुमारे २३४० पास्कल, ४० अंशाला सुमारे ७३८०. म्हणजे तिपटीच्या वर.

पण शेतीच्या औषधांचा दाब इतका कमी असतो की पाऱ्यात दिसतच नाही. त्याची एक वाट १९०९ साली डेन्मार्कच्या मार्टिन नूडसेनने दाखवली. पदार्थ छोट्या डबीत ठेवायचा, डबीला बारीक भोक, बाहेर निर्वात. भोकातून किती वजन निघून गेलं त्यावरून दाब काढायचा.

टू-फोर-डी १९४० च्या दशकात आलं. अमेरिकेत टेक्सास, लुईझियानाकडे भातावर मारलेल्या औषधाने दूरची कपाशी बिघडली. काही वेळा भुकटी, थेंब वाऱ्याने गेले. पण इस्टरची वाफही जाते हे पुढे आलं. तेव्हा शास्त्रज्ञ बंद जागेत औषधाशेजारी टोमॅटोचं किंवा घेवड्याचं रोप ठेवून बघायचे. पान मुरगळलं की औषध उडतं. रोपच त्यांचं यंत्र! त्यानंतर कमी उडणारे इस्टर निघाले.

पुढे १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात स्पेन्सर आणि क्लायथ यांनी डिल्ड्रिनसाठी दुसरी रीत वापरली. वाळूला औषध चोळायचं, त्यातून सावकाश नायट्रोजन सोडायचा, आणि बाहेर आलेल्या वायूत किती औषध आलं ते मोजायचं. ओल्या धान्यातून वारा काढला की तो ओल घेऊन निघतो, तसंच हे. १९८१ मध्ये ओईसीडी या देशांच्या संघटनेने या मोजमापाची नियमावली काढली, क्रमांक १०४. त्यात या दोन्ही रीती आहेत. निदान दोन तापमानांना मोजून २० किंवा २५ अंशाचा आकडा काढतात.

आता आकडे बघा. २५ अंशाला पाणी ३१७० पास्कल. डायक्लोरव्हॉस सुमारे २ पास्कल. ग्लायफोसेट ०.००००१३ पास्कल. डायक्लोरव्हॉस ग्लायफोसेटच्या लाखपटीहून जास्त उडतं. फवारताना श्वासावाटे धोका किती, हे ठरवायला हाच आकडा लागतो. डायक्लोरव्हॉसवर ३१ डिसेंबर २०२० पासून आपल्या देशात बंदी आहे.

माझ्या बांधावर काय झालं ते आता कळतं. थेंब माझ्याच रानात पडले असतील, पण उन्हाने पानावरच्या, जमिनीवरच्या इस्टरची वाफ होत राहिली. मी फवारताना वारं बघितलं; फवारून झाल्यावर काय होतं ते बघितलंच नाही. टू-फोर-डीचे सोडियम आणि अमाईन सॉल्ट इस्टरच्या मानाने फारच कमी उडतात. पण वाऱ्याने थेंब त्यांचेही जातात, आणि कपाशीला अगदी थोडंसं पुरतं. पंप नीट धुतला नाही तरी पुरतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, हा आकडा सेफ्टी डेटा शीटच्या नवव्या भागात असतो. दुकानदाराकडे, कंपनीकडे शीट मागा. दोन, तो २० किंवा २५ अंशाचा, शुद्ध पदार्थाचा असतो. आपलं रान ४० अंशाला तापतं, तिथे तो कितीतरी पट वाढलेला असतो. आणि वास येत नाही म्हणजे उडत नाही, असं समजू नका.

हे सगळं मी अण्णांना बांधावर बसून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे चूक तुझीच होती." होय, होती. त्या दिवसापासून बोलणं सुरू झालं. शेजारी कपाशी, द्राक्ष, टोमॅटो असेल तर इस्टर आणूच नका, आणि कुठलंही तणनाशक मारण्याआधी शेजाऱ्याला एक फोन करा.