हायब्रिड गाडीचं मायलेज मोजताना ड्रायव्हरच्या सीटवर रोबो कशाला?

हायब्रिड गाडीच्या जाहिरातीतला मायलेजचा आकडा रस्त्यावर नाही, प्रयोगशाळेत ठरतो. पुण्यातली एआरएआय ही संस्था अशा चाचण्या करते, म्हणून आपल्याकडे त्याला सर्रास ‘एआरएआय मायलेज’ म्हणतात. गाडी रोलरवर उभी असते; चाकं फिरतात, गाडी जागेवरच राहते. ड्रायव्हरला स्क्रीनवरचा वेगाचा आलेख पाळायचा असतो. युरोपातल्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत तो १,८०० सेकंदांचा, सुमारे २३ किलोमीटरचा असतो.

मग रोबो का?

आलेख पाळूनही दोन माणसांचे पाय सारखे चालत नाहीत. हायब्रिडमध्ये हा फरक महागात पडतो. ॲक्सिलरेटर जरा जोरात दाबला, की बॅटरीवर चाललेल्या गाडीचं इंजिन सुरू होऊ शकतं. ब्रेक हळू दाबला तर बरीचशी ऊर्जा बॅटरीत परत जाते. जोरात दाबला तर काही भाग उष्णता होऊन वाया जातो. रोबो मात्र पेडल दर वेळी जवळपास सारखंच दाबतो. त्यामुळे फरक गाडीचा की पायाचा, हे कळतं.

बॅटरीचा हिशेब

चाचणीअखेर बॅटरी आधीपेक्षा रिकामी असेल, तर पेट्रोल वाचल्याचा नुसता भास होतो. म्हणून चार्जमधला फरक मोजून गरजेप्रमाणे आकडा दुरुस्त करतात.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

रोबोमुळे दोन गाड्यांची तुलना जास्त खात्रीची होते. पण रोलरवर खड्डे नसतात, घाट नसतो, ट्रॅफिकही नसतं. म्हणून हा आकडा गाडी निवडताना वापरा. महिन्याच्या पेट्रोलचं बजेट त्यावर आखू नका.