हरिकेन लढाऊ विमानाची प्रतिकृती

दुसऱ्या महायुद्धातील हॉकर हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानाचे प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून जोडलेले व रंगवलेले प्रमाणबद्ध रूप. १:७२ हे सर्वांत रुळलेले प्रमाण. त्यात मूळ ६ फुटांचा १ इंच होतो. पंखांची टोकापासून टोकापर्यंतची १२.१९ मीटर रुंदी या प्रतिकृतीत सुमारे १७ सेंटिमीटर भरते. बारीकसारीक तपशील दाखवायचे असतील तर १:४८ हे प्रमाण घेतात.

तयार संचांवर बहुधा १९४०च्या इंग्लंडमधील लढाईतले विमान छापलेले असते. भारतीय प्रतिकृतीकाराने मात्र ब्रह्मदेश आघाडीचे विमान करावे. भारतीय हवाई दलाच्या बहुतेक तुकड्यांनी युद्धकाळात हेच विमान वापरले. स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालील पहिली तुकडी १९४४मध्ये इंफाळहून लढली. त्याच वर्षी त्यांना डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे शौर्यपदक मिळाले. मेहर सिंग यांच्या सहाव्या तुकडीने ब्रह्मदेशातील आराकानमध्ये शत्रूच्या हालचाली टिपल्या. पुढे हवाई दलप्रमुख झालेले हृषीकेश मुळगावकर हेही ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते. हा इतिहास आपल्या घराघरांत पोहोचलेला नाही, म्हणून या प्रतिकृतीला मोल आहे.

जोडणीची सुरुवात वैमानिकाच्या कक्षापासून होते. विमानाचे धड दोन अर्ध्या भागांत असते आणि ते एकदा चिकटले की आत ब्रश जात नाही. पातळ सिमेंट प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवून सांधा एकजीव करते. सांध्यात फट राहिल्यास लांबी भरून पॉलिश पेपरने घासतात. येथे हरिकेनची खास अडचण येते. त्याच्या धडाचा मागचा भाग पत्र्याचा नव्हता. सांगाड्यावर कापड ताणलेले होते. कापडाखालच्या लांब पट्ट्यांचे हलके उंचवटे प्रतिकृतीवर कोरलेले असतात. जास्त घासले तर ते पुसले जातात आणि विमानाची ओळखच जाते. नाकाखाली धूळ अडवणारा फुगीर फिल्टर बसवायला विसरू नये. उष्ण प्रदेशातल्या हरिकेनची ती खूण आहे. पारदर्शक छतासाठी झटपट चिकटणारा गोंद टाळावा, कारण त्याच्या वाफेने प्लॅस्टिक धुरकटते. त्या जागी पांढरा फेविकॉल पुरेसा होतो.

रंगवताना आधी प्रायमर, मग खालची करडी बाजू, मग वरचे मातकट व गर्द हिरवे पट्टे. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही चांगले. सर्वांत महत्त्वाचे आहे ते गोल चिन्ह. जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊन आपलेच लोक आपल्यावर गोळ्या झाडू नयेत, म्हणून आग्नेय आशिया आघाडीवरील दोस्त विमानांच्या चिन्हातला लाल रंग काढला गेला. उरला गर्द निळा आणि आत फिका निळा. त्यामुळे संचातली लाल मध्याची चिन्हे ब्रह्मदेशच्या विमानावर लावली तर प्रतिकृती चुकीची ठरते, मग रंगकाम कितीही सफाईदार असो. चिन्हे चिकटवण्यापूर्वी चकचकीत वार्निश द्यावे, नाहीतर त्यांच्याखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. शेवटी मंद वार्निश आणि धुराड्यांमागे काजळीची पुसट रेघ.

रंग कसा सुकतो हे हवेवर ठरते, म्हणून मध्य प्रदेशातल्या जबलपूरसारख्या शहरात हे काम ऋतू पाहून करावे लागते. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा एअरब्रशमधला रंग प्लॅस्टिकपर्यंत पोहोचण्याआधीच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. रंगकाम पहाटे उरकावे, नाही तर सावकाश सुकणारे थिनर मिसळावे. पावसाळ्यात लॅकर रंगावर दमटपणाने पांढुरकी झाक येते, म्हणून तो उघडीप पाहूनच फवारावा. ओला भाग उन्हात ठेवून सुकवण्याचा मोह तर कधीच करू नये, पंख वाकतो. जबलपूर हे युद्धसाहित्याच्या कारखान्यांचेही शहर आहे. येथील तोफगाडा कारखाना विसाव्या शतकाच्या आरंभी उभा राहिला, आणि खमरियाचा दारूगोळा कारखाना महायुद्धाच्या काळातला आहे. महायुद्धाचा धागा असा शहरात आजही जवळच सापडतो.

छायाचित्रांवर न थांबता प्रत्यक्ष विमान पाहायचे असेल, तर दिल्लीला पालम येथील भारतीय हवाई दलाच्या संग्रहालयात हरिकेन उभे आहे.