चौदा वर्षांच्या मुक्ताने पाहिलेलं उद्याचं जग

शिक्रापूरच्या चौकात एसटीची वाट बघत हे ऐकताय? मग समोरचा पुणे-नगर रस्ता बघा. आजची गोष्ट या रस्त्याच्या दोन्ही टोकांना जोडते.

पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत मुक्ता साळवे शिकत होती. मांग समाजातली, वय चौदा. नगरला १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' नियतकालिक सुरू झालं होतं. त्यात १८५५ साली मुक्ताचा निबंध दोन भागांत छापून आला : 'मांग महारांच्या दुःखाविषयी'.

नावात दुःख आहे, म्हणून आपण तो फक्त रडगाणं समजून वाचतो. पण ही मुलगी थेट देवालाच विचारते, आमचा धर्म कोणता? एकाने भोगायचं आणि बाकीच्यांनी बघत राहायचं, असा धर्म पृथ्वीवर नकोच, म्हणते. आणि शेवटी आपल्या माणसांना औषध सांगते : ज्ञान. जे जग तिने पाहिलंच नव्हतं, ते तिने मनात उभं केलं होतं.

तिकडे अमेरिकेतल्या फिलिस व्हीटली या कृष्णवर्णीय तरुणीचा कवितासंग्रह १७७३ मध्ये आला, तेव्हा ती गुलाम होती. पुढे १८७३ मध्ये जोतिरावांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं ते कृष्णवर्णीयांना गुलामीतून सोडवणाऱ्या अमेरिकन लोकांना. दोन्हीकडचं दुखणं एकच आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

स्वप्न मुक्ताचंच होतं. तिला फक्त शाळा मिळाली, आणि छापील पानावर जागा. घरातली पोरगी "मला हे व्हायचंय" म्हणाली, की "झेपेल का?" विचारण्याआधी एवढं आठवा.