ताजं म्हणजे नक्की किती ताजं?

"फ्रोझन मटार? त्यात काय सत्त्व उरलंय!" मंडळी, हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलंय. गंमत म्हणजे एके काळी हा संशय अगदी रास्त होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अन्न गोठवायचे ते सावकाश. पाणी हळूहळू गोठलं की बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पेशी फोडतात आणि वितळल्यावर हाती येतो लगदा! १९१२ मध्ये क्लॅरेन्स बर्ड्‌सआय हा अमेरिकन आज कॅनडात असलेल्या लॅब्राडोरला गेला. तिथे त्याने पाहिलं, की इनुइट लोकांनी पकडलेला मासा कडाक्याच्या थंडीत झटकन गोठतो आणि काही महिन्यांनी शिजवला तरी ताजा लागतो. सगळी गोम वेगात होती. झटपट गोठवलं की स्फटिक बारीक राहतात. पुढे त्याने थंडगार धातूच्या पट्ट्यांमध्ये पाकिटं दाबून गोठवायचं यंत्र बनवलं. मार्च १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत त्याचा माल विकायला आला. त्यात मटार आणि पालकही होता.

पण भाजीचं दुखणं वेगळं. तिच्यातली एन्झाइम्स गोठल्यावरही हळूहळू काम करत राहतात, रंग-चव बिघडवतात. म्हणून आधी तिला उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून काढतात. इथे 'क' जीवनसत्त्व थोडं जातं, हे खरंच. नंतर मात्र उणे १८ अंशांवर ऱ्हास फार मंदावतो. आपल्या भाषेत, स्नॅपशॉट घेतला!

उलट 'ताजी' भाजी तोडल्यावरही श्वास घेत असते आणि तिचं 'क' जीवनसत्त्व रोज घटतं.

२०१५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी आठ भाज्या-फळांची तुलना प्रसिद्ध केली. 'क' जीवनसत्त्वात पाचांमध्ये विशेष फरक नव्हता, तिघांत फ्रोझनच सरस. बीटा-कॅरोटीन मात्र फ्रोझन मटारमध्ये बरंच कमी भरलं. म्हणजे सरसकट निकाल कुठल्याच बाजूने नाही.

तेव्हा थंडीतला कोवळा मटार आणल्या दिवशीच सोलून खाणार असाल, तर त्याला तोड नाही. पण रविवारी आणलेला पालक ऑफिसच्या धबडग्यात शुक्रवारी शिजणार असेल, तर पाकीट घ्यायला लाजू नका. फक्त भरपूर पाण्यात उकळून ते पाणी सिंकमध्ये ओतू नका. उरलंसुरलं 'क' त्यातच जातं.