मननाचे कागद आणि एक जुनें पुराण

पवित्र शास्त्राचें प्रार्थनापूर्वक मनन करणाऱ्या आमच्या मंडळासाठीं वाचनाचे कागद तयार करावयास बसलों, तेव्हां पहिला प्रश्न पडला तो हा कीं, वाचणाराच्या हातीं द्यावें तरी काय व किती? हा प्रश्न जुना आहे. म्हणून ज्युबिलीच्या निमित्तानें त्याचा थोडा पूर्वेतिहास वाचकांस सादर करितों.

बाराव्या शतकांत फ्रान्समधील एका मठाचे प्रमुख, दुसरे गीगो, ह्यांनीं ह्या साधनेस शिडीची उपमा दिली. वाचन, मनन, प्रार्थना व ध्यान ह्या तिच्या चार पायऱ्या. परंतु ती लॅटिन जाणणाऱ्या मठवासीयांची शिडी. ज्या प्रापंचिकाचा पाय पहिल्याच पायरीवर ठरत नाहीं, त्यानें वर चढावें कसें?

आपल्या भाषेंत ह्याचें उत्तर मिळालें तें गोव्यांतील साष्टी प्रांतांत. येशूसंघाचे इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले. तेथील नवख्रिस्ती लोकांचीं जुनीं पुराणें सुटलीं होतीं आणि त्यांची जागा रिकामी राहिली होती. धर्मशिक्षणाच्या वर्गांत एका श्रोत्यानेंच, आमच्या भाषेंत आम्हांस असें पुराण कां नसावें, अशी पृच्छा केल्याचें फादर ग्रंथारंभीं सांगतात. मागणी लोकांची होती, हें आम्हांस विशेष वाटतें.

१६१६ सालीं रायतूर येथें 'क्रिस्तपुराण' छापून निघालें. त्यांत दहा हजारांहून अधिक ओव्या. पहिल्या भागांत जुन्या कराराची कथा, दुसऱ्यांत प्रभु ख्रिस्ताचें चरित्र. ओवी कानीं पडली कीं तोंडीं बसते. अक्षरशत्रूसही ती घरीं नेतां येते. ग्रंथ आपल्या लिपींत छापण्याची फादरांची फार इच्छा होती, पण जोडाक्षरांसह शेंकडों खिळे ओतविणें साधलें नाहीं व शेवटीं तो रोमन लिपींत निघाला. १६४९ व १६५४ सालीं तो पुन्हा छापला गेला. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें देशी भाषेविरुद्ध हुकूम काढला. आज त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाहीं. ग्रंथ तरला तो भाविकांनीं हातानें उतरून ठेविलेल्या पोथ्यांमुळें. तशा पोथ्यांवरूनच १९०७ सालीं मंगळूर येथें त्याची नवी आवृत्ति निघाली.

१९६५ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें प्रार्थनेसह शास्त्रवाचनाचा आग्रह सर्वच श्रद्धावंतांस केला. आतां मराठींत शास्त्र सहज मिळतें. अडचण उलटी झाली आहे. आमच्या पहिल्या कागदावर उताऱ्यापेक्षां टीपाच लांब होत्या. मंडळी टीपांवर चर्चा करीत बसली आणि मौनाची वेळ तशीच निघून गेली! तेव्हां टीपा काढून टाकिल्या. आतां आठ-दहा ओळींचा उतारा ठळक अक्षरांत असतो. तो दोनदां मोठ्यानें वाचितात. ज्यांना वाचतां येत नाहीं तेही त्यामुळें आमच्यांत बसतात. खालचा अर्धा कागद आम्ही कोराच ठेवितों.